शनिवारचा थांबा

आमच्या मार्गावरच्या बसमध्ये बोलती पेटी बसवली, त्या दिवशी नारळ फोडायचा मान मला दिला होता. मी जन्मापासून आंधळी. दगड कुठे आहे ते एसटीच्या साहेबांनी तोंडाने सांगायचं, मी नारळ आपटायचा आणि फोटोवाल्याने फोटो काढायचा, असा बेत होता. साहेब म्हणाले, "थोडं डावीकडे, मॅडम." मी थोडं डावीकडे हाणला. साहेबांनी घाईघाईने पाय मागे ओढला, तो आवाज मला नीट ऐकू आला आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दुसऱ्या दणक्याला नारळ फुटला. मग साहेबांनी भाषण केलं. "आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन," असं मोठ्याने म्हणाले आणि मध्येच गप्प झाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या म्हणून निभावलं.

ही पेटी म्हणजे आमच्या समितीची कमाई. बसने जाणाऱ्या अपंगांच्या सोयी नीट चालतात की नाही, यावर देखरेख ठेवायला बुलढाण्याला एक समिती नेमली होती आणि तिच्यात आंधळ्यांच्या वतीने मी होते. खामगावच्या एका सरकारी कचेरीत मी टेलिफोन ऑपरेटर. माझं गाव घाटमाथ्यावर. सकाळी बसने घाट उतरून खामगाव, संध्याकाळी घाट चढून घरी, यात अर्धं आयुष्य गेलं. तेव्हा बसविषयी तोंड उघडायचा हक्क मला आहे, असं त्यांना वाटलं असावं. ते तोंड किती उघडतं, हे त्यांना नंतर कळलं.

पेटीचं काम सोपं होतं. दाराला एक खटका बसवलेला. फ्रिजचं दार उघडलं की आतला दिवा लागतो, तसं बसचं दार उघडलं की पेटी थांब्याचं नाव घ्यायची. खामगावहून निघाल्यावर पहिल्यांदा दार उघडलं की फाटा, दुसऱ्यांदा उघडलं की वनखात्याचा नाका, तिसऱ्यांदा आमचं गाव, मग आमच्या पुढचं गाव, मग बुलढाणा. हे थांबे बसला चुकवता येत नाहीत, आणि नाक्यापासून आमच्या गावापर्यंत दुसरा थांबाच नाही, नुसता घाट आणि जंगल. साहेब एका बुधवारी मला शेजारी बसवून तपासणीला आले. एकही नाव चुकलं नाही. बुलढाण्याला उतरल्यावर त्यांनी मला पेढा दिला.

मला अशा पेटीची गरज का, हे डोळसांना समजावताना माझी चिडचिड होते. त्यांना वाटतं, आंधळी बाई अंधाराला भीत असेल. अंधार म्हणजे काय हेच मला ठाऊक नाही, भिणार कुठून? मी भिते ते चुकीच्या जागी उतरायला. पाय जमिनीला लागतो, मागे डबल बेल होते, बस निघून जाते, आणि मग लक्षात येतं की पिठाच्या गिरणीचा आवाज यायला हवा होता तो येत नाही. तरुणपणी एकदा असं झालं होतं. कंडक्टर गर्दीत अडकला होता, मी कुणाच्या तरी सांगण्यावरून भलतीकडेच उतरले. एक दुचाकीवाला देवासारखा भेटेपर्यंत मी एका झाडाला घट्ट धरून उभी होते. ती बाभूळ होती आणि तळहातभर काटे शिरले होते, हे घरी गेल्यावर समजलं. भीतीपुढे काटे टोचल्याचंसुद्धा कळत नाही.

तेव्हापासून मी घाटाची वळणं मोजते. कान झोपला तरी कंबर जागी असते. कुठल्या वळणाला डावीकडे कलायचं आणि कुठे समोरच्या दांडीला धरायचं, ते तिला पाठ आहे.

आमच्या गावात वांगी-टमाटे लावणारं एक घर आहे. त्या घरातल्या मुलीचे डोळे कॉलेजात असताना एका आजारात गेले. डोळे जन्मापासून नसणं वेगळं आणि असून जाणं वेगळं. वर्षभर ती खाटेवरून उठली नाही. तिचा बाप मुखदुर्बळ माणूस. एक दिवस माझ्या ओट्यावर वांग्याची पिशवी ठेवून बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमी रोज कश्या जाता व एकट्या?"

"बसनं," मी म्हटलं.

"मले दाखवाचं होतं तिले. कसं जातेत ते."

अशी ती माझ्याकडे आली. खामगावला आंधळ्यांना आवाजावरून कॉम्प्युटर शिकवणारा वर्ग होता, तिथे तिचं नाव घातलं. आठवड्यातले दोन दिवस ती माझ्याबरोबर यायची. पहिल्या दिवशी बसची पायरी चढताना तिने माझी बाही इतकी ओढली की शिवण उसवली. महिनाभरात ती बसमध्ये माझी चेष्टा करायला लागली. मला मावशी म्हणायची. मी वळणं मोजायला शिकवत होते आणि ती त्या पेटीच्या प्रेमात पडली होती.

"मावशी, पेटी बोलते तं मंग वळनं काऊन मोजाची?"

"पेटी बिघडते. कंबर बिघडत नाही."

"तुयी तं रोज दुखते."

एक गोष्ट मात्र मी तिच्याकडून शंभरदा घोकून घेतली होती. चुकून भलतीकडे उतरलीस, तर जिथे उतरलीस तिथून हलायचं नाही. रस्ता शोधायला जायचं नाही. आवाज करत राहायचं, कुणीतरी ऐकतंच.

मग वर्गाच्या सरांना दुसरीकडे काम लागलं आणि वर्ग शनिवारी भरायला लागला. शनिवारी माझ्या कचेरीला सुट्टी. मी म्हटलं, सुट्टी असली तरी मी येते. ती म्हणाली, "नाही. एकटी जाईन." आवाजात इतका हट्ट होता की मी नाद सोडला. सकाळचं जाणं अवघड नव्हतंच, खामगाव शेवटचा थांबा आणि स्टँडवर वर्गातली माणसं घ्यायला येणार. प्रश्न परतीचा होता. तिच्या बापाने ओट्यावर बसून अट सांगितली. मुलगी समोरच होती, तरी तो माझ्याशीच बोलत होता. "जाऊ द्या एकडाव. पन एकडाव जर काही झालं, तं मंग घराबाहेर जाचं नाव काढाचं नाही. ना तुमी, ना तिनं."

"नाही काढणार," ती म्हणाली.

शनिवार उजाडला. सकाळी ती गेली. पोचल्यावर फोन आला, आवाजात गाणं होतं. दिवसभर मला काही सुचलं नाही. भाजीत दोनदा मीठ घातलं. थंडीचे दिवस, ऊन लवकर कलतं. दुपारनंतर मी ओट्यावर बसले. ऊन माझ्या गुडघ्यावर होतं, ते खाली खाली सरकत पावलावर आलं. ती आता खामगावच्या स्टँडवर असेल, आता बसमध्ये, आता फाट्यावर, असा माझा जप चालला होता.

तेवढ्यात आमच्या आळीतली भाजीवाली आधीच्या बसने खामगावहून आली. उरलेली कोथिंबीर द्यायला ओट्याशी थांबली आणि हसायला लागली.

"तुमची ते पेटी शनवारी येडी होते व बाई."

"काऊन? काय झालं?"

"मारुतीपाशीच आपल्या गावाचं नाव घेते. दार उघडलं का बोलते. सारी बस हासते तिले."

मी कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि फोन चाचपला.

घाटाच्या मधोमध एका वळणावर शेंदूर फासलेला मारुती आहे. शनिवारी त्या रस्त्याने जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते. ट्रक असो, जीप असो, बस असो. उतरायचं, तेल वाहायचं, नारळ फोडायचा, घंटा वाजवायची, मग पुढे. हा थांबा कुठल्याच कागदावर नाही. आमच्याकडे तो सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. मलाही माहीत होता. पण पेटी आली तोवर कचेऱ्यांना शनिवारची सुट्टी लागली होती आणि मी शनिवारी बसमध्ये बसलेच नव्हते. साहेबांची कचेरीही शनिवारी बंद. त्यांची तपासणी बुधवारची. माझ्याबरोबर ती मुलगी गेली ते मंगळवार आणि शुक्रवार. शनिवारी ती पेटी काय बोलते, हे बसमधल्या सगळ्या डोळसांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं हसू येत होतं. ज्यांच्यासाठी ती बोलत होती, त्यांच्यापैकी कुणीच शनिवारी नव्हतं. आज एक होती.

मी तिला फोन लावला. "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती" हे ऐकू आलं. घाटात रेंज नसते. म्हणजे बस घाटात शिरली होती. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई बोलली. जन्मभर मी टेलिफोनवर बसून लोकांना जोडून दिलं, आणि आता मला एक नंबर लागत नव्हता.

मारुतीबद्दल आणखी एक गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आमच्या जंगलात अस्वलं आहेत. दिवस कलला की ती मारुतीपाशी येतात. फोडलेल्या नारळाची शकलं खातात आणि दिव्यांमधलं तेल चाटतात. म्हणून तिन्हीसांजेला तिथे कुणी रेंगाळत नाही. आणि मी त्या मुलीला शिकवलं होतं, जिथे उतरशील तिथून हलायचं नाही.

मी काठी घेऊन थांब्याकडे निघाले. रोजचा रस्ता, पण दोनदा नालीत पाय गेला. गिरणीच्या आवाजापाशी पोचले तेव्हा तिचा बाप आधीच येऊन उभा होता. त्याच्या अंगाला नेहमी फवारणीच्या औषधाचा वास येतो. त्याला सांगावं की नाही कळेना. सांगितलं तर तो काय करेल? आणि नाही सांगितलं तर? कदाचित कुणीतरी तिला हात धरून थांबवलं असेल. कदाचित तिने वळणं मोजली असतील. मी गप्प राहिले आणि मनात त्याच मारुतीला नवस बोलले, ज्याच्यामुळे हे सगळं होत होतं.

बस आली. दार उघडलं. पेटी गोड आवाजात आमच्या पुढच्या गावाचं नाव बोलली.

चार-पाच जण उतरले. जड पावलं, पिशव्या, एक कोंबडी. तिच्या काठीची टकटक नाही. तिचा बाप म्हणाला, "पोट्टी कुठी हाय?"

कंडक्टर नवा होता. "कोन? ते काठीवाली?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "ते तं... मारुतीपाशी उतरली होती. दर्शनाले लय जन उतरले ना. मले वाटलं, चढली असंन मांगून."

मग बसमध्ये सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, मी पाह्यली होती, बाजूले जाऊन काहीतरी चाचपत होती. कुणी म्हणालं, अरे मंग बोलला काऊन नाही? थांब्यावर बसायचा ओटा चाचपत असणार ती. मीच शिकवलं होतं, उतरलं की आधी ओटा शोधायचा.

बापाने मोटरसायकलला किक मारली. मी आवाजाच्या रोखाने गेले आणि मागचं सीट धरलं.

"सोडा, ताई. तुमी येऊन काय पाहान?"

"पाहाचं तुमी. ऐकाचं मी."

मी बसले.

घाटाच्या उताराला लागल्यावर मी त्याला इंजिन बंद करायला लावलं. उतार होताच, गाडी आपोआप घरंगळत होती. नुसता वाऱ्याचा आवाज आणि ब्रेक लागला की बारीक किरकिर. थंडी वाजत होती. त्याचे खांदे मी धरले होते आणि ते लाकडासारखे झाले होते. एका वळणावर तो म्हणाला, "उजेड चालला." मला उजेडाचं काय? पण तो ज्या आवाजात म्हणाला, त्यावरून किती उरलाय ते मला कळलं.

आणि मग मला घंटा ऐकू आली.

"थांबा," मी म्हटलं. गाडी थांबली. त्याला काही ऐकू येत नव्हतं. खालून, दोनेक वळणांपलीकडून, घंटा वाजत होती. देवाला वाजवतात तशी एक-दोनदा नाही, तर एकसारखी, न थांबता. "मारुतीची घंटी हाय," मी म्हटलं. "तेच हाय. वाजवून राह्यली."

तो गाडी सोडणार, तोच घंटा थांबली.

त्या शांततेबद्दल मला लिहायचं नव्हतं, पण लिहिते. रातकिडे सुरू झाले होते, तेही मला ऐकू येईनासे झाले. मी त्या बापाच्या मागे बसून एका घंटेची वाट पाहत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की मी तिला हलू नको म्हणून सांगितलंय. तो खालच्या आवाजात विचारत होता, "काय झालं? ताई, काय झालं?" मी सांगू शकले नाही. मग घंटा पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात, वेडीवाकडी. या वेळी त्यालाही ऐकू आली. पुढची वळणं त्याने कशी घेतली ते देव जाणे.

"माय! व माय!" तो गाडी टाकून धावला. मी त्याच्या मागून घंटेच्या आवाजाकडे गेले. ती घंटेची दोरी सोडत नव्हती. बापाने मिठी मारली तरी हात वरच होते. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती थंडगार पडली होती आणि दोरीने सोलली होती.

"बोलू नका," ती कुजबुजली. "तठी काहीतरी हाय. चाटून राह्यलं होतं."

आम्ही तिघंही गप्प उभे राहिलो. मला काही ऐकू आलं नाही. तिच्या बापाने मोबाइलचा दिवा लावला असावा, कारण तो म्हणाला, "दिवा पालथा पडला हाय. तेल नाही त्याच्यात."

"त्याचा श्वास ऐकू येत होता, मावशी. मोठा. नाकातून. मी थकली, हात थांबला, तं ते जवळ आलं. मंग मी अजून वाजवली."

कुत्रं होतं की अस्वल होतं, हे कुणालाच कधी कळलं नाही. मी आजवर कुणाला विचारलंही नाही.

परतताना ती मध्ये आणि मी मागे. चढाला इंजिन रडत होतं. घरापाशी उतरल्यावर तिचा बाप म्हणाला, "झालं. आता नाव काढाचं नाही." त्या क्षणी मला त्याचं म्हणणं पटलं होतं. मी घरी गेले, दार लावलं, आणि कडी लागली की नाही ते तीनदा चाचपून पाहिलं.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी काय काय बोलले, ते सगळं इथे लिहिण्याजोगं नाही. साहेब शांतपणे ऐकून म्हणाले, मारुतीजवळ बस थांबवणं नियमाबाहेर आहे, ते बंद करण्याची सूचना देऊ. मी म्हटलं, साहेब, शनिवारी मारुतीला हात न जोडता तो घाट चढणारा ड्रायव्हर या जिल्ह्यात जन्माला यायचाय. सूचना निघेल, बसही थांबेल, आणि पेटी तेच नाव घेईल. मला एवढंच हवंय की थांबा आला की कंडक्टरने तोंडाने नाव घ्यावं, आणि काठीवालं माणूस बसमध्ये असेल तर ते उतरताना बघावं.

"पण मॅडम, पेटी असताना कंडक्टरने ओरडायचं कशाला?" साहेब म्हणाले. "पेटी तुम्हीच मागितली होती ना?"

शेवटी ठराव झाला. बसमध्ये अपंगांच्या राखीव सीटजवळ लाल अक्षरांत एक पाटी लावायची: शनिवारी ध्वनियंत्रणेवर विसंबून उतरू नये. कुणीतरी ती मला मोठ्या प्रेमाने वाचून दाखवली.

"ही कुणी वाचायची?" मी विचारलं.

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पुढचा विषय घेतला गेला. पाटी लागली, अजूनही आहे म्हणतात.

ती मुलगी पुन्हा खाटेवर गेली. मी जायची, तिच्या पायथ्याशी बसायची. ती कमी बोलायची. दाराशी शेळी आली तरी दचकायची. मी तिला सांगू शकत होते की भिऊ नकोस, पण कोणत्या तोंडाने? मी स्वतः संध्याकाळच्या बसमध्ये मारुतीचं वळण आलं की आता पाय आखडून घेत होते.

एका संध्याकाळी तिचा बाप पुन्हा वांगी घेऊन ओट्यावर आला. पुन्हा बराच वेळ उभा राहिला.

"शनवारी जाऊ द्या म्हनते ते," तो म्हणाला. "सकाळपासून म्हनून राह्यली. मी नाही म्हनलं तं म्हनते, बाबा, मी रडत नोती, घंटी वाजवत होती." त्याने वांग्याची पिशवी ओट्यावर ठेवली. "ताई, मले लय भेव वाटते. तुमाले?"

"मले बी."

"खरंच?"

"हाव. रोज वाटते. बसमध्ये चढतानी बी वाटते, उतरतानी बी."

त्याने मोठा श्वास सोडला. "मंग जाऊ द्या," तो म्हणाला. "मले वाटलं, तुमाले वाटतच नसंन. म्हनूनच तुमी जाता."

तिने एकच अट घातली होती, की कुणीही थांब्यावर घ्यायला यायचं नाही. मी कबूल केलं. शनिवारी ऊन पावलावर आलं तशी मी काठी उचलली आणि थांब्यावर गेले. गिरणीच्या भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने फवारणीच्या औषधाचा वास आला.

"मी गप राहतो," तो कुजबुजला. "तुमी बी गप राहा."

फोन लावून पाहिला नाही. नवस बोलले नाही. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिले आणि पुन्हा तीच शांतता येणार, तोच कंडक्टर पुन्हा बारीक आवाजात बोलणार, असं मला सारखं ऐकू येत राहिलं. नेमकी त्या दिवशी वीज गेली आणि गिरणी बंद पडली. तिला खूण म्हणून मी शिकवलेला आवाजच नव्हता.

बस आली. दार उघडलं. पेटी पुढच्या गावाचं नाव बोलली. त्यावर कंडक्टर, तोच तो, बेंबीच्या देठापासून आमच्या गावाचं नाव ओरडला. बसमधल्या दोन-चार बायकाही ओरडल्या, "आलं व पोरी, आलं!"

तिची काठी पायरीवर वाजली आणि थांबली. ती उतरेना. ड्रायव्हरने एक बारीक हॉर्न दिला. ती पायरीवरच उभी होती. तिला इतके जण गावाचं नाव सांगत होते आणि तिचा एका नावावरही विश्वास उरला नव्हता. मी हाक मारली असती तर ती लगेच उतरली असती. पण मग पुढच्या शनिवारीही मला यावं लागलं असतं, आणि त्याच्या पुढच्या. मी तोंडावर हात दाबून धरला. त्यामुळे श्वास नाकातून आणखी मोठ्याने यायला लागला.

"कोन हाय तठी?" तिचा आवाज फाटला. "श्वास ऐकू येऊन राह्यला."

कुणीच बोललं नाही. कंडक्टरही नाही. माझी काठी भिंतीला लागून खडखडत होती. मी ती थांबवू शकत नव्हते.

पायरीवर ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने खाली काठी टेकवली, पाय टेकवला आणि आधी ओटा शोधला.

"मावशी हाय," ती म्हणाली. "अस्वल एवढं भेत नाही."